दवाखान्यातली चाल आणि घरातली चाल

"जरा चालून दाखवा," असे फिजिओथेरपिस्टने म्हटले की तपासणीला खरी सुरुवात होते. समोरचा रुग्ण पक्षाघातातून सावरणारा असो, खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या आजी असोत किंवा कंपवाताचे निदान झालेले गृहस्थ असोत. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी आठ-दहा पावले टाकायची आणि तज्ज्ञाने ती न्याहाळायची, ही पद्धत जगभर सारखीच आहे. अनुभवी नजरेला एवढ्यातूनही पुष्कळ दिसते. टाच आधी टेकते की चवडा, गुडघा पुरेसा वाकतो की नाही, पाय सरळ पुढे येतो की बाहेरून अर्धवर्तुळ काढत येतो, दुखऱ्या पायावरचा भार चुकवण्यासाठी धड एका बाजूला झुकते का, चालताना दोन्ही हात सारखे हलतात का, या साऱ्याची नोंद ती नजर क्षणार्धात घेते.

तरीही या पाहण्याला दोन मर्यादा आहेत. पहिली वेगाची. एक टाच जमिनीवर टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाला पदचक्र म्हणतात. निरोगी प्रौढ माणसाचे पदचक्र जेमतेम एका सेकंदात पुरे होते. त्यातला सुमारे ६० टक्के काळ पाऊल जमिनीवर असते आणि ४० टक्के काळ हवेत. दोन्ही पावले एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ सुमारे २० टक्के, तोही दोन तुकड्यांत विभागलेला. डाव्या आणि उजव्या पायात सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पडला, तर तो कितीही सराईत डोळ्याला पकडता येणे कठीण.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आपल्याकडे कोणी पाहत आहे, हे रुग्णाला ठाऊक असते. तो ताठ होतो, लक्ष देऊन पाय उचलतो, परीक्षेला बसल्यासारखा चालतो. घरी मात्र हातात पाण्याचा तांब्या असतो, दारात उंबरठा असतो, फोन वाजत असतो आणि चालण्याकडे कोणाचेच लक्ष नसते, चालणाऱ्याचेही नाही. माणसे बहुधा पडतात ती अशा वेळी. घोट्याला, नडगीला किंवा कमरेला बांधायच्या छोट्या गतिसंवेदकांचे महत्त्व आहे ते याच ठिकाणी. दवाखान्यातली दहा पावले आणि घरातली दहा हजार पावले यांत किती अंतर आहे, हे आता मोजता येऊ लागले आहे.

शरीरावर उपकरण बांधून चाल नोंदवण्याची कल्पना तशी नवी नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये तळव्यात हवेची पोकळी असलेले बूट तयार करवून घेतले होते. पाऊल टेकले की पोकळीतली हवा दाबली जाई, तो दाब रबरी नळीतून चालणाऱ्याच्या हातातल्या नोंदयंत्रापर्यंत पोहोचे आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. मात्र पुढे हा विषय कॅमेऱ्याच्या ताब्यात गेला. विल्हेल्म ब्राउन आणि ऑटो फिशर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकात एका माणसाच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधून अंधारात त्याची छायाचित्रे घेतली. त्या माणसाला सज्ज करण्यातच कित्येक तास जात. आजच्या चाल-प्रयोगशाळा त्याच परंपरेतल्या. भिंतींवर अवरक्त कॅमेरे, सांध्यांवर चिकटवलेले चकाकणारे मणी आणि जमिनीत बसवलेल्या, पावलाचा जोर मोजणाऱ्या पट्ट्या. अचूकतेत आजही त्यांना तोड नाही आणि मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतः अधू असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेचे नियोजन करताना त्यांचा मोठा उपयोग होतो. पण अशी प्रयोगशाळा उभारायला लागणारा पैसा, जागा आणि मनुष्यबळ फार थोड्या संस्थांना परवडते.

बाकीच्यांनी स्टॉपवॉचवर काम भागवले, आणि ते चांगले भागवले असेच म्हटले पाहिजे. खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, या साऱ्याला किती सेकंद लागतात हे पाहणारी "टाइम्ड अप अँड गो" ही चाचणी १९९१ मध्ये रूढ झाली. दहा मीटर चालण्याचा वेळ घेणे तर त्याहूनही सोपे. या साध्या वेगालाही केवढा अर्थ असतो, हे २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने दाखवून दिले. नऊ अभ्यासांतील ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींची माहिती एकत्र केली असता, चालण्याचा वेग आणि पुढील आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध आढळला. पक्षाघाताच्या रुग्णांबाबत तर १९९५ पासून एक ढोबळ वर्गवारी वापरली जाते. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर रुग्णाचे फिरणे घरापुरते, ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर मर्यादित आणि ०.८ च्या पुढे असेल तर बऱ्यापैकी मोकळे. अनेक देशांत चौकातल्या सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची प्रथा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ आपोआप उमगतो.

स्टॉपवॉच किती वेळ लागला एवढेच सांगते. तो का लागला हे सांगत नाही. खुर्चीतून उठतानाच रुग्ण अडला की वळताना, दोन्ही पावले सारखी पडली की एक ओढले गेले, हे त्या एका आकड्यात विरून जाते. गतिसंवेदक हा आकडा उलगडून दाखवतो.

आगपेटीएवढ्या किंवा त्याहूनही लहान अशा या डबीत प्रामुख्याने दोन गोष्टी असतात. ॲक्सेलरोमीटर हा वेगात होणारा बदल मोजतो, तर जायरोस्कोप वळण्याचा वेग. दोन्ही उपकरणे सिलिकॉनच्या चिपवर कोरलेली असतात. चिपमधला सूक्ष्म वजनाचा तुकडा हालचालीमुळे किंचित सरकतो आणि त्या सरकण्याचे विद्युतसंकेतात रूपांतर होते. १९९० च्या दशकात मोटारींतील एअरबॅग योग्य क्षणी फुगाव्यात म्हणून या चिपा मोठ्या संख्येने बनू लागल्या, पुढे मोबाइल फोनमध्ये शिरल्या आणि स्वस्त झाल्या. थोडक्यात, भौतिकोपचाराला हे साधन मिळाले ते मोटार आणि फोन उद्योगांच्या कृपेने.

चिप स्वस्त झाली तरी तिच्या नोंदींतून पावलाची लांबी काढणे हे सरळ काम नाही. शाळेत शिकलेले गणित सांगते की, त्वरणाची काळावर बेरीज केली की वेग मिळतो आणि वेगाची बेरीज केली की अंतर. अडचण अशी की, ॲक्सेलरोमीटरला चालण्याचे त्वरण आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण यांतला भेद कळत नाही. संवेदक किती कललेला आहे याचा अंदाज अवघ्या एका अंशाने चुकला, तरी गुरुत्वाकर्षणाचा अंश आडव्या हालचालीत मिसळतो. एका सेकंदात ही चूक साडेआठ सेंटिमीटरची असते. पण दहा सेकंद तशीच जमू दिली तर ती साडेआठ मीटरवर जाते! जागच्या जागी उभा असलेला रुग्ण गणिताच्या हिशेबी रस्त्याच्या पलीकडे पोहोचलेला असतो.

यावर सापडलेला तोडगा मोठा सुरेख आहे, आणि तो चालण्याच्या स्वभावातूनच आलेला आहे. माणूस कितीही चालला तरी प्रत्येक पावलागणिक त्याचा तळवा क्षणभर जमिनीवर पूर्ण स्थिर असतो. संवेदक पावलावर बांधलेला असेल तर त्या क्षणी त्याचा वेग शून्यच असला पाहिजे. गणितात तो शून्य आला नसेल, तर जेवढा आला तेवढी चूक, असे धरून ती तिथल्या तिथे पुसून टाकली जाते आणि पुढचे पाऊल कोऱ्या पाटीवर सुरू होते. त्यामुळे चूक एका पावलापुरतीच वाढते.

नडगीवर बांधलेल्या जायरोस्कोपची रीत वेगळी. पाय हवेतून पुढे येतो तेव्हा नडगी वेगाने पुढे झुलते आणि आलेखावर एक उंच डोंगर उमटतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दऱ्या दिसतात. अलीकडची दरी म्हणजे बोटे जमिनीवरून सुटण्याचा क्षण, पलीकडची म्हणजे टाच टेकण्याचा. हे दोन क्षण दोन्ही पायांसाठी कळले की पाऊल किती वेळ जमिनीवर होते, किती वेळ हवेत होते, दोन्ही पायांवर एकदम भार किती काळ होता आणि डावे-उजवे किती विषम होते, हे सारे वजाबाकीने निघते.

यांतली एक गोष्ट डोळ्यांना जवळजवळ कधीच दिसत नाही. ती म्हणजे एका पदचक्राचा काळ आणि पुढच्याचा काळ यांतली तफावत. निरोगी माणसाची चाल तबल्याच्या ठेक्यासारखी बांधलेली असते. वय, आजार किंवा भीती यांमुळे तो ठेका विस्कळीत होतो. सरासरी वेग तोच राहिला तरी पावले लहानमोठ्या अंतराने पडू लागतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरी स्वतंत्रपणे राहणाऱ्या ५२ वृद्धांच्या बुटांत दाबसंवेदक बसवून त्यांची चाल नोंदवली गेली आणि नंतर वर्षभर कोण पडते याचा मागोवा घेतला गेला. पुढे जे पडले, त्यांच्या पदचक्रांच्या काळातली तफावत सुरुवातीलाच अधिक होती. पडल्यावर हाड सांधणे आणि पडण्याआधी तोल सुधारण्याचे व्यायाम सुरू करणे, यांतला फरक ज्या घरात एखादे वृद्ध माणूस आहे त्या घराला समजावून सांगण्याची गरज नाही.

घर आणि दवाखाना यांतली तफावत सर्वांत ठळक दिसते ती कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात. या आजाराच्या पुढच्या टप्प्यात अनेकांची पावले अचानक गोठतात. पुढे जायचे असते, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. धड पुढे झुकते आणि माणूस कोसळतो. दाराची चौकट, अरुंद जागा, वळण, घाई ही त्याची नेहमीची निमित्ते. गंमत म्हणावी की दुर्दैव, पण डॉक्टरांसमोर चालताना मात्र तेच पाय अनेकदा सुरळीत चालतात, कारण तिथे लक्ष पूर्णपणे चालण्याकडे असते. "घरी हे असे होत नाही हो, घरी फार अडतात," असे सांगणाऱ्या पत्नीचे म्हणणे खरे असते, पण पुरावा तिच्याजवळ नसतो. गोठलेले पाऊल प्रत्यक्षात अगदी निश्चल नसते, त्यात एक बारीक थरथर असते. नेहमीच्या चालण्यातले हेलकावे सेकंदाला तीनपेक्षा कमी, तर ही थरथर साधारण तीन ते आठ वेळा. संवेदकाला हा भेद सहज कळतो. झुरिक आणि तेल अवीव येथील संशोधकांनी २०१० मध्ये याच तत्त्वावरील एका उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. दहा रुग्णांवर त्याची चाचणी घेण्यात आली होती. पाऊल गोठल्याचे लक्षात येताच ते कानात तालबद्ध टिकटिक वाजवी, आणि त्या ठेक्यावर काही रुग्णांना पुन्हा पाऊल उचलता येई. तालावर पाऊल टाकायला लावण्याची ही युक्ती फिजिओथेरपिस्ट पूर्वीपासून वापरत आले आहेत. उपकरणाने ती नेमक्या क्षणी आणून दिली इतकेच.

घरातल्या चालीला अधिकृत मान्यता मिळाली ती मात्र एका वेगळ्याच आजाराच्या निमित्ताने. ड्युशेन स्नायुविकृती हा जनुकीय आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. स्नायू हळूहळू झिजत जातात आणि अनेक मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास चाकाची खुर्ची घ्यावी लागते. नव्या औषधाने गुण येतो की नाही हे ठरवण्यासाठी मुलाला लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावून अंतर मोजण्याचा प्रघात होता. सात-आठ वर्षांच्या मुलाला सहा मिनिटे नेटाने चालायला लावणे काय असते, हे कोणताही पालक सांगू शकेल. तो थांबतो, कंटाळतो, भिंतीवरचे चित्र बघतो किंवा एखाद्या दिवशी उगाच हुरूप येऊन पळतो. त्या दिवशीच्या मनःस्थितीवर कोट्यवधी रुपयांच्या औषधाचे भवितव्य अवलंबून राहणे कोणालाच पटण्यासारखे नव्हते.

फ्रान्समध्ये विकसित झालेल्या, घोट्याला बांधायच्या एका संवेदकाने यातून मार्ग काढला. मुलाने तो दिवसभर घालायचा आणि नेहमीसारखे वागायचे, खेळायचे, शाळेत जायचे. नोंदलेल्या हजारो पावलांतून प्रत्येक पावलाचा वेग काढला जातो आणि सर्वांत वेगवान पाच टक्के पावले जिथे सुरू होतात ती सीमा पाहिली जाते. सरासरी का नाही, असा प्रश्न इथे पडू शकतो. सरासरी ही सवयीवर अवलंबून असते. मूल त्या आठवड्यात घरात बसून होते की मामाच्या गावी गेले होते, यावर ती हलते. वरची सीमा मात्र त्या स्नायूंत किती ताकद शिल्लक आहे, याच्या अधिक जवळ जाते. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी या औषधनियामक संस्थेने २०१९ मध्ये हे मोजमाप दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ मध्ये प्राथमिक निकष म्हणून स्वीकारले. औषध लागू पडते की नाही, याचा निवाडा मुलाच्या अंगणातल्या धावण्यावरून करता येईल, असा त्याचा अर्थ. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरॉसिस, श्वसनाचा दीर्घ आजार आणि खुब्याचे अस्थिभंग यांच्यासाठी असाच विश्वासार्ह मापदंड घडवण्याचा प्रयत्न "मोबिलाइझ-डी" या युरोपीय प्रकल्पाने २०१९ पासून पाच वर्षे केला.

मात्र चाल मोजल्याने ती आपोआप सुधारते, असा समज होता कामा नये. पक्षाघातानंतर रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांवर ११ देशांतील १६ केंद्रांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या दोन्ही घोट्यांना संवेदक बांधले होते. एका गटाला फक्त चालण्याचा वेग सांगितला जाई, तर दुसऱ्याला दिवसभरातील चालण्याचा सविस्तर तपशील. दोन्ही गटांच्या प्रगतीत फरक पडला नाही. त्याहून डोळे उघडणारी बाब म्हणजे, पुनर्वसनासाठीच दाखल असलेले हे रुग्ण दिवसाकाठी सरासरी जेमतेम पाव तास चालत होते. संवेदकांवाचून हे कळले नसते हे खरे. पण उपाय संवेदकात नव्हता. चालण्यासाठी हात धरणारा माणूस, मोकळी जागा आणि वेळ यांची ती उणीव होती.

मनगटावरच्या घड्याळांबाबतही सावध राहिलेले बरे. दिवसाला दहा हजार पावले हा प्रसिद्ध आकडाच मुळी १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता. निरोगी माणसांसाठी रचलेले गणित आजारी चालीवर अनेकदा फसते. रुग्ण वॉकर धरून चालत असेल तर त्याचे मनगट हलतच नाही आणि पावले मोजली जात नाहीत. अगदी सावकाश चालणाऱ्याची निम्मी पावलेही सुटू शकतात. ज्याचे पाऊल लुळे पडून चवडा आधी टेकतो, त्याच्या आलेखात टाचेची दरीच धूसर होते. २०२० पासून काही मोबाइल फोन चालण्याचा वेग आणि दोन्ही पायांतील विषमता आपणहून नोंदवतात. पण त्यासाठी फोन कमरेजवळ असावा लागतो. आपल्याकडे घरात फोन टेबलावर किंवा फडताळात असतो आणि आजी स्वयंपाकघरात.

घरातल्या चालीचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकेत २००८ मध्ये दहा निरोगी प्रौढांची पावले दोन आठवडे नोंदवली असता, त्यांच्या चालण्याच्या फेऱ्यांपैकी ४० टक्के फेऱ्या सलग १२ पावलांपेक्षाही छोट्या असल्याचे दिसले. धडधाकट माणसांचे हे असे, तर दोन खोल्यांच्या घरात वावरणाऱ्या रुग्णाचे काय असेल याची कल्पना करता येते. दोन-चार पावले, मग वळण, मग थांबणे. लांब सरळ व्हरांड्यासाठी केलेले गणित तिथे लागू पडत नाही. त्यात मराठी घरात माणसे अनवाणी वावरतात, जमिनीवर बसतात-उठतात, उंबरठे ओलांडतात. बुटात बसवायचा संवेदक अशा घरात निरुपयोगीच. नडगीला किंवा कमरेला पट्ट्याने बांधायचाच हवा, आणि तो नऊवारी-पाचवारीखाली टोचणार नाही असा.

आकडा चांगला आला तरी तो कशामुळे आला हे पाहणारा जाणकार लागतोच. पक्षाघाताच्या रुग्णाचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने वाढला तर ती लक्षणीय सुधारणा मानली जाते. पण ही वाढ दुबळ्या पायात बळ आल्यामुळे झाली, की धडका पाय अधिक जोराने रेटल्यामुळे? दुसरे घडत असेल तर आज आनंद देणारा आकडा उद्या धडक्या गुडघ्याचे दुखणे होऊन बसेल. विषमतेचा आकडा आणि तज्ज्ञाची नजर एकत्र आली, तरच याचे उत्तर मिळते.

रुग्णाच्या नातेवाइकांनीही काही गोष्टी सांभाळल्या तर या मोजणीला अर्थ येतो. पहिल्या आणि नंतरच्या नोंदीच्या वेळी पादत्राण तेच असावे, किंवा दोन्ही वेळा अनवाणी चालावे. काठी वापरत असल्यास दोन्ही वेळा वापरावी. संवेदक त्याच जागी, त्याच बाजूला वर करून बांधावा. कंपवाताच्या रुग्णाने गोळी किती वाजता घेतली हे लिहून ठेवावे, कारण गोळीचा अंमल असताना आणि तो ओसरल्यावर चाल पार बदलते. एखाद्या दिवसाच्या आकड्याने हुरळून किंवा खचून जाण्यापेक्षा आठवडाभराच्या नोंदी घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जावे आणि रुग्ण कुठे, केव्हा आणि काय करताना अडखळला, हेही त्यांच्या कानावर घालावे.